रोवण्यातलं माझं भाषण

इथं लीड्समध्ये परवा एका मोर्चात कुणीतरी हातात पत्रक दिलं. ताज्या शाईचा वास आला आणि मी थेट मोहाडीजवळच्या आमच्या धानाच्या बांधीवर जाऊन पोचलो.

पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असलेल्या घरात मी वाढलो. कॉलेजात असताना मी स्वतःच एक लिहून छापून आणलं: 'कष्टकरी बायांनो, बोलत्या व्हा!' ते घेऊन बांधीवर गेलो तेव्हा आई दहा-बारा बायांसोबत चिखलात वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होती. ती गाणं सांगायची, बाकीच्या झेलायच्या आणि त्या तालावर सगळ्यांचे हात चालायचे. मी बूट घालून बांधावर उभा राहिलो आणि ओरडलो, "गाणं बंद करा, महत्त्वाचं आहे!"

"बोल बापा, पन लवकर. रोवणा राहून जाऊन राहिला," आई म्हणाली.

मी अख्खं पत्रक वाचलं. बाया कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी शेजारची गीतामावशी म्हणाली, "आमी बोलतच होतो ना रे, तूच तं चूप केलं!"

सगळ्या खदखदून हसल्या. मी चिडून त्यांना अडाणी म्हणालो. हसणं थांबलं. आई पुन्हा वाकली, पण गाणं तिनं परत उचललं नाही.

हा किस्सा मी इथं मित्रांना रंगवून सांगतो, तो एक शब्द गाळून. काल फोनवर आईला ते गाणं म्हणायला सांगितलं.

"आमी अडानी बाया रे बापा, आमाले कायचं गाणं येते?" ती हसली आणि जेवलास का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. माफी मागायची राहूनच गेली.