माडीवर दोन हजार किलो

बेलवलीच्या मालिनीताई बर्वे यांना स्वस्थ बसता येत नाही, हे त्यांचा शत्रूसुद्धा मान्य करेल. शत्रू तसा एकच, उजवा गुडघा, आणि त्यालाही त्या दाद देत नाहीत. अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरला तेहतीस वर्षं नोकरी केली, साधा बोल्टसुद्धा नोंद केल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप काढला. श्रावणात त्यांच्या चौतीस जणी नऊवारी नेसून रिक्षांतून उतरू लागल्या की सोसायट्यांचे वॉचमन आपोआप उठून उभे राहतात.

जीव मात्र त्यांचा बदलापूर गावातल्या जुन्या वाचनालयात. खाली दगडी भिंती, वर सागवानी तुळयांची माडी. लहानपणी घरात माणसं सात आणि दिवा एक, म्हणून नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी त्या माडीवर, कोपऱ्यातल्या खिडकीपाशी बसून केला. माडी धोकादायक ठरवून इमारत पाडायची नोटीस लागली तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भरपेट जेवल्या आणि सह्या गोळा करायला निघाल्या. अकराशे सह्या जमल्या. नगरपालिकेतले साहेब कागद चाळून म्हणाले, "ताई, सह्यांवर तुळई उभी राहत नाही. माडी दोन हजार किलो पेलते असा इंजिनिअरचा रिपोर्ट आणा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत."

इंजिनिअर मिळाला खरवईचा यज्ञेश. शुक्रवारी सकाळीच त्याने तुळयांखाली चार बोटं अंतर ठेवून लोखंडी टेकू उभे केले, म्हणजे काही झालंच तर माडी टेकूवर बसेल, माणसांवर नाही. मधल्या तुळईला एक घड्याळासारखं यंत्र लावलं. तुळई जितकी वाकेल तितका त्याचा काटा पुढे सरकणार. दोन हजार किलो वजनाला काटा सहाच्या आत राहिला तर पास, पुढे गेला तर नापास. आता वर ठेवायला वाळूच्या गोण्या हव्या होत्या. वाळूचा ट्रक आला नाही, ड्रायव्हर फोन उचलेना.

"माझ्याकडे चौतीस गोण्या आहेत," मालिनीताई म्हणाल्या. "नऊवारीतल्या."

यज्ञेशने डोकं खाजवलं. "चालेल काकू, पण प्रत्येकीचं वजन लागेल. समोर महेंद्रशेटचा तांदळाचा काटा आहे ना?"

"काटा कशाला? आपल्या बायका काय खोटं बोलतात?"

झालं. मालिनीताईंचे यजमान श्रीपाद वही घेऊन जिन्याशी बसले. एकेक जण वजन सांगे आणि वर जाई. मालिनीताईंनी "बासष्ट" म्हटलं तेव्हा श्रीपादरावांचं पेन क्षणभर थबकलं. पण अडतीस वर्षांचा संसार होता, त्यांनी मुकाट्याने बासष्ट लिहिलं.

बेरीज आली सतराशे नव्वद. दोनशे दहा कमी! पायरीशी टाकळा, भारंगी अशा रानभाज्या विकत बसलेली डोंगरवाडीची रखमाबाई हे सगळं तोंडाला पदर लावून बघत होती. ती शेजारच्या पाच भाजीवालींना घेऊन उठली.

"माझा एकोणचाळीस लिवा," ती म्हणाली. "काट्यावर मोजलेला हाय."

दोन हजार तीस झाले. माडीवर चाळीस बायका श्वास रोखून उभ्या. खाली यज्ञेश यंत्राच्या काट्याकडे बघत होता. पाच. सहा. सात.

"सॉरी काकू," तो खालून म्हणाला. "दोन हजारला सात म्हणजे फेल."

कुणीतरी हुंदका दिला. आणि मग मालिनीताईंमधली स्टोअरकीपर जागी झाली. तेहतीस वर्षांत एक खोटी नोंद नव्हती, आणि आज?

"यज्ञेश!" त्या कठड्यावरून ओरडल्या. "मी बासष्ट नाही. अठ्ठ्याहत्तर!"

मग मागून आवाज आला, "माझे पण... पन्नासचे पासष्ट करा." "माझे बावन्न लग्नातले आहेत!" "अगं, मी तर दहावीतलं सांगितलं!" हसण्याने काटा थरथरायला लागला, यज्ञेश खालून "हलू नका!" म्हणून बोंबलत होता.

"माझा एकोणचाळीसच हाय," रखमाबाई शांतपणे म्हणाली.

आता सांगोवांगी नको, काटाच हवा. भर बाजारात महेंद्रशेटच्या दुकानासमोर चाळीस बायकांची रांग लागली. मालिनीताई पहिल्या. महेंद्रशेटला गोणीचं वजन ओरडून सांगायची सवय. तो ओरडला, "एक्क्याऐंशी!" कबुलीतही तीन किलो चोरलेलेच होते. पलीकडच्या फुलवालीनेही मान वर करून बघितलं.

"मला रिक्षात बसल्यावर अंदाज यायचा," श्रीपादराव लिहिता लिहिता म्हणाले.

एकूण भरले दोन हजार चारशे सत्त्याऐंशी. "एवढ्यावर सातच?" यज्ञेशने उडीच मारली. पण रिपोर्टला नेमके दोन हजार हवे होते. वहीत जुळवाजुळव करून तो एकेकीला पुन्हा वर पाठवू लागला. पाच वाजायला आले. बेरीज एकोणीसशे एकोणीसवर थांबली आणि तो वहीतून मान वर करून मालिनीताईंकडे बघत हसला.

"किती उरले?" त्यांनी विचारलं.

"एक्क्याऐंशी, काकू."

मालिनीताईंनी पदर खोचला. गुडघ्याचं काही न ऐकता त्या जिना चढल्या, आणि गर्दीतून वाट काढत आपल्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली काटा जरासा सरकला आणि सहाच्या अलीकडे थांबला.

"पास!" यज्ञेश ओरडला, आणि माडीवर जो कल्ला उठला तो पार स्टेशनपर्यंत गेला असेल. रखमाबाईने फुगडीला हात पुढे केले. "नाचू नका!" यज्ञेश कळवळला. "नाचायचा रिपोर्ट वेगळा लागेल! एकेक जण खाली या, काकू, आता हललात तरी चालेल!"

मालिनीताई हलल्या नाहीत. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून, हसत आणि रडत, त्या तशाच स्वस्थ उभ्या राहिल्या.