तानाक्काच्या डोहातले चौदा रोहू

हे माझ्या तोंडून आजवर कुणीच ऐकलेलं नाही. नवऱ्यानं नाही, बहिणीनं नाही, ज्यांच्याबरोबर जन्मभर नोकरी केली त्यांनी तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. पण एक आधीच बजावते — माशांचा विषय निघाला की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. मूळ गोष्ट सोडून मी भलतीकडे जाईन. जाऊ द्या थोडी. मी परत येते.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी सोलापूरजवळच्या एका लहानशा मत्स्यबीज केंद्रात नोकरीला होते, तिथली पहिली बाई. शुक्रवार पेठेतलं आमचं घर लिंगायत. घरात मासा कधी शिजला नाही, आणि संध्याकाळी मोरीत आंघोळ केल्याशिवाय आई मला चुलीकडे फिरकू द्यायची नाही. मला मात्र माशांखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे का — तळ्यात पाळलेली रोहूची मादी अंड्यांनी टम्म फुगते, नर शेजारीच फिरत असतो, आणि तरी ती अंडी घालत नाही? साचलेल्या पाण्यात नाहीच घालत. हंगाम सरला की अंडी पोटातल्या पोटात जिरून जातात. नदीतल्या रोहूला कुणी काही शिकवावं लागत नाही. पाणी चढलं, गढूळ झालं, की ती उथळ गवतात येते आणि मोकळी होते. मग पाळलेल्या मादीचं काय करायचं? तर दुसऱ्या माशाच्या मेंदूखाली मोहरीएवढी एक गाठ असते, ती काढायची, वाटायची, गाळायची आणि तिला टोचायची. संध्याकाळी टोचलं की पहाटे अंडी!

निदान पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. आमच्याकडे दोन हंगाम टोचून एक अंडं पडलं नव्हतं. बीज म्हणजे माशाची पिल्लं; ते कलकत्त्याहून रेल्वेनं यायचं, निम्मं मेलेलं. आमचे साहेब म्हणायचे, "बाईच्या हाताला हे काम यायचं नाही." माझ्या तोंडावर म्हणायचे.

त्या गाठी मी मासळी बाजारातून आणायची, तानाक्काकडून. तानाक्का भोयाची, पन्नाशीची, सीना नदीकाठच्या गावाहून पाटी घेऊन यायची. बाकीच्या मासेवाल्या मला जवळ उभं करत नव्हत्या. डोकं फोडलेला मासा कोण घेणार? तानाक्कानं पहिल्याच दिवशी पाटी माझ्यापुढे सरकवली. मी सुरीनं माशाची टाळू उडवायची, चिमट्यानं गाठ उचलून स्पिरिटच्या कुपीत टाकायची, आणि ती गिऱ्हाइकाला सांगायची, "डोस्कं काढून ठिवलंय. आता ह्यो मासा घरी जाऊन भांडायचा न्हाय बगा." लोक हसायचे आणि घ्यायचे. थोड्याच दिवसांत सगळ्या बाजाराला माहीत झालं की टाळू उडवलेला मासा म्हणजे तानाक्काचा. हे तेवढं ध्यानात असू द्या.

दुष्काळात तळी आटली. बाजारात मासा येईना, माझ्या कुप्या रिकाम्या. केंद्रातल्या आठ माद्या आम्ही विहिरीच्या पाण्यावर कशाबशा जगवल्या होत्या. पुढच्या वर्षी पाणी झालं, माद्या भरल्या, पण बाजारात येई ती बोटभर मासळी, टोचायला गाठ एकही नाही. साहेबांनी सांगून टाकलं, हा शेवटचा हंगाम, पुढं तुम्ही कचेरीत बसून टपाल बघा. मी बाजारात जाऊन तानाक्कापुढे रडले. रडलेच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या या माज्या गावाला. तुमास्नी एक दावते."

त्यांच्या गावाखाली सीनेला एक डोह होता. कधीकाळी कुठल्याशा तलावात सोडलेले रोहू सांडव्यावरून नदीत उतरले होते आणि तिथं रानटी होऊन राहिले होते. दुष्काळात सारी नदी कोरडी पडली तरी डोहात पाणी राहिलं. भोयांची घरं खडी फोडायला गेली, सरकारी सुकडीवर जगली, पोरं उपाशी निजली — पण त्या डोहात कुणी जाळं टाकलं नाही. बी राखलं होतं त्यांनी. कळतंय ना तुम्हाला? मला तेव्हाही कळलं होतं.

आणि मग मी ते पाहिलं. कसं सांगू? नदी फुगून काठच्या पड रानात शिरली होती, गुडघाभर पाणी, त्यात गवताची टोकं वर आलेली. भर दुपार. आणि त्या पाण्यात हातभर लांबीचे रोहू, पाठी उघड्या पडलेल्या, एकेका मादीमागे दोन-दोन नर. ते तिच्या पोटाला ढुशा देत होते, अंगाला पीळ घालत होते, शेपट्यांचा फाडफाड आवाज, अंगावर चिखल उडत होता. मधेच एक मादी आडवी झाली, थरथरली, आणि पाणी दुधासारखं झालं. मी ओंजळ बुडवली तर ओंजळीत अंडी! भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, फुगत चाललेली. मी नाचले हो त्या चिखलात, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. पुस्तकात वाचलेलं सगळं खरं होतं, आणि ते माझ्या पोटऱ्यांना घासून चाललं होतं. तानाक्का काठावर बसून हसत होती. निघताना तेवढं एकच म्हणाली, "हात लावायचा न्हाय, बाई. आजून निम्म्या माद्या भरल्याल्या हायती. पुन्ना पानी चढलं की त्या सुटत्याल."

मी हो म्हटलं.

येते, मुद्द्यावरच येते. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. तो तानाक्काचा बाजाराचा दिवस होता, हे मला माहीत होतं. पिशवीत हातजाळी होती, सुरी, चिमटा, कुपी. त्या उथळ पाण्यातून मासा पळून कुठे जाणार? भरलेली मादी तर जडच असते. मी चौदा रोहू काढले आणि तिथंच गवतात बसून चौदा टाळू उडवल्या. गाठी अशा टपोऱ्या होत्या म्हणून सांगू — बाजारातल्या शिळ्या माशात कधी पाहिल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर मी खुशीत होते. मासे पाण्यात ढकलून दिले आणि एस.टी. पकडली.

त्याच संध्याकाळी आठही माद्यांना टोचलं. पहाटे हाप्यात, म्हणजे माद्या ठेवायला तळ्यात बांधलेल्या कापडी पिंजऱ्यात, पाहिलं तर — अंडी, अंडी, अंडी. तळ दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांतून पिल्लं वळवळायला लागली, पापणीच्या केसाएवढी. वरचे साहेब मोटारीतून आले. आमच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात हार घातला. त्याच दुपारी, हार गळ्यात असतानाच, फाटकाशी सीनाकाठची भोयांची चार म्हातारी माणसं आली. त्यांच्यामागे तानाक्का.

चौदा मासे तरंगत काठाला लागले होते. सगळ्यांची टाळू उडवलेली. आता सांगा, गावानं कुणाचं नाव घ्यावं? म्हाताऱ्यांतल्या एकानं पागोटं सारखं केलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, ही म्हंती मी न्हाय मारलं. डोस्कं असं फोडायचं काम तुमच्या नि हिच्याबिगर दुसऱ्या कुनाला येतं का, ते तुमीच सांगा."

साहेब बघत होते. वरचे साहेब बघत होते. मी म्हणाले, "मला काही माहीत नाही. मी इथंच कामात होते."

तानाक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं समजलं. माझी खात्री आहे. एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी गेली असती. ती त्या म्हाताऱ्यांना म्हणाली, "चला. बाईस्नी कशाला तरास? त्यास्नी ठाव नसंल."

तिच्या घराला नदी बंद केली त्यांनी, जाळं बंद, पाटी बंद. दोन उन्हाळे राखलेलं बी तिनं बुडवलं, असं तिच्या नावावर लागलं. ती दुधनीला लेकीकडे निघून गेली. पुढच्या साली पूर आला तेव्हा मी चोरासारखी त्या काठाला जाऊन आले. गवतात पाणी होतं. मासा एकही चढला नव्हता.

मी ते तेव्हा सांगू शकले असते. वर्षभरानं सांगू शकले असते. पाच वर्षांनी मी दुधनीला गेले, सांगायचं असं ठरवूनच गेले. तानाक्का एका अडत्याच्या वखारीत शेंगा निवडत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला — खरा आनंद, मी तो ओळखते. पदरानं पोतं झटकून तिनं मला बसायला दिलं आणि पहिलंच विचारलं, "पोरं जगली न्हवं?"

आणि मी सुरू झाले. कुठल्या तळ्यात किती सोडली, होटगीकडे केवढी वाढली, दुसऱ्या हंगामाला आम्ही किती माद्या टोचल्या, हाप्याचं कापड कुठलं बदललं. हातवारे करून, हसून, घसा कोरडा पडेपर्यंत. तिचे हात शेंगांवर थांबले होते. मधेमधे म्हणायची, "व्हय? एवढी? लई झ्याक झालं की." दुपार गेली. ज्यासाठी गेले होते ते तेवढं राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं.

स्टँडवर ती पोचवायला आली. मी खिडकीजवळ बसले होते, ती खाली उभी होती, हात लांब केला असता तर लागला असता. गाडीला सुटायला वेळ होता, चांगला वेळ होता. तिनं खिडकीतून कागदात बांधलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या आणि गाडी सुटेपर्यंत गप्प बसून राहिले.