फ्लोरामावशींच्या बाबांची चेरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी — दूध उतू गेलं तरी त्याचा तीन अंकी प्रयोग करणारी, जिच्या गोष्टी अर्ध्या आळीला पाठ आहेत अशी मी — ही एकच गोष्ट गिळून बसले आहे. आज तुम्हालाच का सांगतेय? मलाही नीट कळलेलं नाही. ऐका मात्र.

आमच्या शेजारी फ्लोरामावशी राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू; मराठी माझ्याहून चोख, शिव्यांसकट. मुलीकडे इस्रायलला कायमच्या निघाल्या तेव्हा घरातलं सगळं वाटून टाकलं आणि एक झाड माझ्या गच्चीत आणून ठेवलं. कापलेल्या निळ्या ड्रममध्ये वाढलेली चेरी — नर्सरीवाले बार्बाडोस चेरी म्हणतात ती. गुलाबी झालरीच्या फुलांचं शोभेचं झुडूप, पण फळं खायची: लालचुटुक, आणि इतकी आंबट की एक डोळा आपोआप मिटायचा. मावशींच्या बाबांनी लावलेलं. नवस फेडायला त्यांच्यात मलिदा करतात — गोड पोह्यांचं ताट, भोवती फळं, आणि प्रार्थना. त्या ताटात ही चेरी असायचीच.

तिकडे नेता येईना. मुलगी डोंगरावर राहते, हिवाळ्यात दव गोठतं. "एका रात्रीत काळी पडेल गं," मावशी म्हणाल्या. मला गुटी बांधून नवं रोप करायला शिकवून गेल्या. फांदीची बोटभर साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने गुंडाळायचं, आणि मुळं दिसेपर्यंत हात लावायचा नाही. एका पावसात एकच फांदी — हे तर त्यांनी निघालेल्या रिक्षातून पुन्हा ओरडून सांगितलं.

मी किती बांधल्या असतील?

सगळ्या. एकूण एक फांदी. का — तर गच्चीत येणारा थक्क व्हायचा. झुडूप बँडेज बांधलेल्या सैनिकासारखं उभं आणि शेजारी मी, भाषण करत. कुणी "मुळं फुटली का?" विचारलं की एक पुडी सोडून दाखवायची, परत बांधायची. लोक वाहवा करत होते हो. मग पानं गळायला लागली. श्रावण संपेपर्यंत ड्रममध्ये काटक्या उरल्या.

तेव्हाच फोन केला असता तर? मावशी चिडल्या असत्या, रडल्या असत्या, झालं असतं. मी नेऱ्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून तेवढ्याच उंचीची चेरी आणली, त्याच ड्रममध्ये लावली आणि फोटो पाठवला. "बाबा खूश असतील," असं उत्तर आलं. मग दर बहराला फोटो. ड्रमचा जुना पोचा नेमका दिसेल असा — पुरावा म्हणून. खरं सांगू? मला मजा यायला लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. पावसात येतेय, मलिदा करायचाय. फळं राखून ठेव, आणि एक गुटी बांध — बाबांच्या कबरीपाशी लावायची आहे. तेव्हा तरी बोलायचं ना? तोंड उघडलं होतं मी. बाहेर पडलं ते, "बांधते की."

बांधली. एकच. हातही लावला नाही. मुळं अशी झकास फुटली की मला राग आला — कुणाचा, ते विचारू नका.

मलिद्याच्या दिवशी मावशींनी चेरी तोंडात टाकली. मी त्यांच्या डोळ्याकडे बघत होते. मिटला नाही.

"गोड झालीत गं."

"शेणखत घातलं ना," मी म्हटलं.

"बाबा पण घालायचे," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढच्या बाईकडे सरकवलं.

म्हणजे काय? शेणखत घालूनही ती आंबटच असायची — ओळखलं त्यांनी? मग दुसऱ्या दिवशी कबरीशेजारी स्वतःच्या हाताने माती का उकरली? रोप लावून "बाबा, तुमचीच आहे" असं का म्हणाल्या? आणि ओळखलं नसेल, तर ते वाक्य — आणि ते माझ्याकडे न बघता? निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "पाणी तू घालशील." विचारलं की बजावलं, तेही मला उलगडलं नाही.

घालते. दर आठवड्याला बाटली भरून नेते. तिथे बसून कधीकधी वाटतं, हे मी मावशींसाठी करतेय. कधी वाटतं, हासुद्धा प्रयोगच. प्रेक्षक नसताना कुणी प्रयोग करतं का? की असतो एखादा?

परवा फुलं आली. तीच गुलाबी झालर. कबरस्तानाचा राखणदार काठी टेकत शेजारी येऊन उभा राहिला.

"म्हाताऱ्याचंच झाड ना ताई हे? लेकीनं लावलेलं?"

मी हो म्हणाले.