पाय पुसून घ्या

तो व्हिडिओ मी काढला. फोन माझा होता, हात माझा होता. हे आधीच सांगतो, कारण नंतर कितीतरी जणांना मी सांगत राहिलो की शेठनं काढायला लावला. ते अर्धंच खरं आहे.

वत्सलाबाई बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. ज्यावर बसून आम्ही गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घालून बघतो, तो स्टूल. मागं लेडीज सँडलचं कपाट. मी समोर उभा. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझी चूक झाली. मला माफ करा." आवाज आला नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्या भलतीकडेच बघत होत्या. मी म्हणालो, "भिंतीकडे बघू नका. इकडं बघा. आणि हात जोडा."

त्यांनी जोडले. तिसऱ्या वेळी जमलं.

शेठ म्हणाले होते, ती सॉरी म्हणतानाचा व्हिडिओ पाठवून द्या. एवढंच. स्टूल त्यांनी सांगितला नव्हता. हात जोडायला सांगितले नव्हते. ते माझ्या डोक्यातून निघालं.

इंदिरानगरात आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. काचेचं दार, आत एसी. मी तिथं सव्वीस वर्षं आहे, शेवटची नऊ वर्षं मॅनेजर. वत्सलाबाई अकरा वर्षं. माहेर चांदवडकडचं, नवरा वारलेला. लेडीज सेक्शन त्याच बघतात. आलेल्या बाईचा पाय बघून नंबर सांगतात, मोजपट्टी काढत नाहीत. सहसा चुकत नाहीत.

त्या आठवड्यात दुकानासमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदला होता. आत येणारा प्रत्येक पाय चिखलाचा. फिक्या रंगाच्या जोडांना डाग पडायला लागले. डागाळलेला जोड परत खोक्यात घालून नवा म्हणून विकता येत नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी मी सगळ्या स्टाफला गोळा केलं. सांगितलं, प्रत्येक स्टुलाशेजारी ओलं फडकं ठेवा. नव्या जोडात पाय घालायच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणा, पाय पुसून घ्या. नियम माझा. शब्दही माझे.

दुपारी एक मॅडम आल्या. नेहमीच्या. त्यांच्या सोसायटीतली निम्मी घरं आमच्याकडेच येतात. त्यांनी मोती लावलेला क्रीम रंगाचा सँडल मागितला. वत्सलाबाईंनी जोड काढला, फडकं पुढं केलं. म्हणाल्या, "ताई, तेवढे पाय पुसून घ्या."

मॅडमनं पुढं केलेला पाय मागं घेतला. "माझे पाय घाण आहेत, हे तू मला सांगणार?"

"तसं नाय ताई. बाहेर चिखल हाय म्हणून."

"ताई कोण? मी तुझी ताई कधीपासून झाले?"

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. वत्सलाबाईंनीही पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, नियम माझा आहे. ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "सॉरी मॅडम, मी बोलतो तिच्याशी."

तिच्याशी. अकरा वर्षं मी त्यांना अहो-जाहो करत होतो.

संध्याकाळी मॅडमचा शेठना फोन आला. त्या बाईनं व्हिडिओवर माफी मागितली नाही, तर सोसायटीच्या ग्रुपवर लिहीन, गूगलवरही लिहीन. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या बाईला असं बोलायला सांगितलं कुणी?" तेव्हाही मी गप्प.

आता हात जोडायची कल्पना कुठून आली ते सांगतो. मला ठाऊक आहे.

मी तेवीस वर्षांचा होतो, दुकानात लागून दोन महिने झाले होते. एका साहेबांना बूट दाखवत होतो. त्यांनी बूट घातलेला पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी लेस बांधायला घेतली. बांधून झाली. पाय तिथंच. ते शेजारच्या माणसाशी प्लॉटच्या भावाबद्दल बोलत होते. बोलता बोलता मला म्हणाले, "आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं. माझे वडील घोटीच्या बाजारात चपला शिवायला बसायचे. आमच्या आडनावावरून ते कळतं.

"मग बरोबर," ते म्हणाले. "घरचाच धंदा."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, माझा स्वतःचा. उठताना साहेब म्हणाले, लेस फार घट्ट बांधलीय, पोराला शिकवा काहीतरी. जुने शेठ, आताच्या शेठचे वडील, गल्ल्यावरून म्हणाले, "हात जोड." मी स्टुलावर बसूनच जोडले.

घरी गेलो, जेवलो. वडिलांनी विचारलं, काम कसं आहे. चांगलं आहे म्हणालो. एसी आहे.

ते सगळं अंगात कुठंतरी तसंच पडून होतं. स्टूल आणि जोडलेले हात. वरून माणूस बघतो, खालून माणूस बघतो. सव्वीस वर्षांनी मी वरून बघणारा झालो आणि मला तेवढंच येत होतं.

व्हिडिओ मी मॅडमना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई वेळेवर आल्या. कपाट पुसलं, खोकी लावली. मला म्हणाल्या, "सर, सात नंबरचे जोड संपलेत." अकरा वर्षं त्या मला दादा म्हणायच्या. मला वाटलं, होईल हळूहळू नीट. झालं नाही. डबा खातानाही सर. सर, लोणचं घेता का. लोणचं द्यायचं त्यांनी बंद केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन दिवसांची सुट्टी मागितली. मी कारण विचारलं.

"आईला सांगून येते, मी काय चोरलं नाय."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता. तिथून कुणाच्या तरी कामवाल्या बाईकडे, तिच्याकडून कुठं, करत करत चांदवडला पोचला होता. शेजारच्या सुनेनं तो वत्सलाबाईंच्या आईला दाखवला. म्हातारीला ऐकू कमी येतं. तिनं बोलणं ऐकलं नाही. दुकानात खाली बसून हात जोडणारी आपली लेक तेवढी बघितली.

परत आल्यावर मी विचारलं, आईला पटलं का.

"नाय," त्या म्हणाल्या. "म्हणली, चोरल्याबिगर कुणी हात जोडतं का."

त्यानंतरही मी काही केलं नाही. हे लिहायला हवं. तीन महिने मी रोज दुकान उघडलं, बंद केलं, घरी गेलो. वाईट वाटायचं असंही नाही. काहीच वाटायचं नाही. पाय सुन्न होतो आणि आपण तसेच चालत राहतो, तसं.

दसऱ्याच्या आधी त्या मॅडम परत आल्या. रस्ता अजून बुजवलेला नव्हता. सोफ्यावर बसल्या. वत्सलाबाई पुढं झाल्या, तर म्हणाल्या, "ती नको. तुम्हीच दाखवा."

मी जोड काढला. स्टुलावर बसलो. मॅडमनं पाय पुढं केला. टाचेला ओला चिखल होता. आणि अगदी सहज, प्रेमानं म्हणावं तसं म्हणाल्या, "सुधारली का मग ती? अशांना एकदा जागा दाखवली की वर्षभर बघावं लागत नाही."

माझी मांडी जड झाली. मॅडमचा पाय मांडीवर नव्हता, तरी झाली.

मी उठलो. फडकं त्यांच्यासमोर धरलं. "मॅडम, पाय पुसून घ्या."

"काय?"

"नियम माझा आहे. त्या दिवशीही माझाच होता. वत्सलाबाई मी शिकवलेलं बोलल्या. चूक त्यांची नव्हती."

"तुम्ही कुणाशी बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय."

त्या उठल्या. शेठकडे बघून म्हणाल्या, "आता यांचाही व्हिडिओ पाठवा." दार ढकलून गेल्या.

शेठ गल्ल्यामागून बाहेर आले. "अहो, डोकं फिरलं का? फोन लावा त्यांना. माफी मागा."

"त्यांची नाही मागणार."

"पन्नाशीला आलात. कुठं जाल इथून?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही. पण आवाज हलला नाही, आणि या वेळी मी हसलो नव्हतो.

वत्सलाबाई शिडीवर होत्या, हातात खोकं. मी शिडीखाली जाऊन उभा राहिलो. मान वर करून बोलावं लागत होतं. म्हणालो, "वत्सलाबाई, माझं चुकलं."

त्या उतरल्या. खोकं जागेवर ठेवलं. "मला सांगून काय उपयोग, सर?" त्यांनी पर्समधून स्वतःचा फोन काढला, व्हिडिओ चालू करून माझ्यासमोर धरला. "आईला ऐकू कमी येतं. मोठ्यानं बोला."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. स्टाफ होता. शेठ होते. मी कपाटापुढं उभा राहिलो आणि शब्द शोधायला लागलो.

"भिंतीकडे बघू नका," वत्सलाबाई म्हणाल्या.

मी फोनकडे बघितलं. माझे हात आपोआप वर यायला लागले.

"हात नका जोडू. आईला वाटंल, तुम्ही पण काही चोरलं."

कुणी हसलं नाही. मी हात खाली घेतले. मोठ्यानं बोललो, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतकं.

"मावशी, मी वत्सलाबाईंच्या दुकानातला मॅनेजर. तुमच्या लेकीनं काही चोरलं नाही. मी दिलेलं काम तिनं केलं, आणि तिच्यावर वेळ आली तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. तिला खाली बसवून हात जोडायला लावणारा माणूस मीच. मॅडम नाही, शेठ नाही, मी. इथून पुढं मी कुणाला असं बसवणार नाही, आणि स्वतःही बसणार नाही. नोकरी राहिली तरी नाही, गेली तरी नाही. मावशी, माझं चुकलं. तुमचीही माफी मागतो, वत्सलाबाईंचीही मागतो. उभा राहून मागतो."