आडव्या पिस्टनची गिरण

ट्रकचा पिस्टन उभा असतो, वर-खाली होतो. आमच्या हळर्णच्या भाताच्या गिरणीचा पिस्टन आडवा, मागे-पुढे सरकतो. हवा ओढायची, ती दाबायची, डिझेल पेटलं की धक्का खायचा आणि धूर बाहेर टाकायचा. चार खेपांत एकच कामाची. उरलेल्या तीन जड चाक स्वतःच्या वेगावर निभावून नेतं. असं इंजिन बुटकं, जमिनीला धरून बसणारं, म्हणून शेतातल्या पॉवर टिलरला आणि विहिरीवरच्या जुन्या पंपांनाही हेच. हे मला कुणी शिकवलेलं नाही. नवरा गेल्यावर गिरण मी चालवायला घेतली आणि बघून बघून शिकले.

एका वर्षी पावसाळा सरला आणि इंजिन निळा धूर ओकायला लागलं. दिराने परस्पर ठरवूनही टाकलं, "वयनी, सोमाराक भंगारवालो येतलो. तू आता घरात बस." घरात बस म्हणजे त्याच्या दारात जेवायचं! माझं डोकंच फिरलं. सोमवारच्या आत चालू करून दाखवते, म्हटलं.

डिचोलीहून मेस्त आणले. सुर्ल्याच्या खनिजाच्या ट्रकांवर सगळी हयात गेलेले, नावाजलेले मेकॅनिक. त्यांनी पिस्टनला तीन नव्या रिंगा चढवल्या. इंजिन सुरू झालं आणि धूर पहिल्यापेक्षा दाट. "सिलिंडरच गेलो, वयनी," म्हणत त्यांनी हात पुसले. दीर दारात उभा राहून हसत होता. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर? मुळीच नाही.

"मेस्त, परत उगडा," मी म्हटलं.

कुरकुरत त्यांनी उघडलं. रिंग बसवता यावी म्हणून तिला एका जागी फट असते. मेस्तांनी ट्रकच्या शिरस्त्याप्रमाणे तिन्ही फटी तीन दिशांना ठेवल्या होत्या. त्यात एक नेमकी तळाला. उभ्या पिस्टनला त्याने काही बिघडत नाही, पण आडव्या सिलिंडरात तेल तळालाच साचतं. तिथून ते आत शिरून जळत होतं.

"खालची फट वर घेया," मी म्हटलं.

"इतकी वर्सां काम केलंय. असां कोण करीत नाय."

"तुमचो पिस्टन उभो होतो. ह्यो आडवो."

त्यांनी सिलिंडरच्या तळाला बोट फिरवून तेल बघितलं. मग ते एकेक रिंग फिरवायला बसले.

सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी लागला तेव्हा पट्टा गरगर फिरत होता आणि घमेल्यात उकडे तांदूळ पडत होते. धूर नावाला. टेम्पोवाल्याला मी चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला.

"आज चल्ली, फाल्यां बंद पडतली," दीर पुटपुटला.

त्याला आता तीन हंगाम झाले. दीर स्वतःचं भात माझ्याच गिरणीत आणतो आणि घरचा माणूस म्हणून पोतं पुढे सरकवायला बघतो. मी मान वर न करता सांगते, "लायनीत उभो राव."