पोटावर कुलूप असलेला बडग्या

छप्पन साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीला आर्वीत अन्याय झाला तो आमच्या पत्रकांचे ठसे कोरणाऱ्यावर, आणि तो आम्ही केला. मारबतीत जाळायच्या बडग्याचं, म्हणजे पुतळ्याचं, चित्र लाकडात कोरताना तो भुसा फुंकायचा आणि चित्रालाच दटावायचा, "हालू नको बे शेठ!" ते अजून कानात आहे.

धान्य दडवणारा शेठ लंगडा होता, म्हणून त्याचा बडग्याही आम्हाला लंगडाच हवा होता.

"पाय त्याले देवानं देला," तो म्हणाला, "कोठ्याले कुलूप त्यानं सोता लावलं. मी कुलूप कोरतो."

आणि बडग्याच्या पोटावर त्यानं कुलूपच कोरलं. आम्ही गुपचूप दुसऱ्याकडून ठशातला पाय वाकडा करून घेतला आणि पत्रकं वाटली. लंगडेपणाची थट्टा केली म्हणून गावानं आमच्या कोरणाऱ्यालाच निर्दय ठरवलं. त्यानं पुन्हा पटाशी धरली नाही.

ते पत्रक तुमच्या घरी असेल, तर आजच त्यावर लिहा: हा पाय त्यानं कोरलेला नाही.