गोडेतेलातला खुबा

आमच्या विभागप्रमुखांना मी ‘सर’ म्हणायचे, कारण नोकरी होती. मनात काय म्हणायचे ते छापण्यासारखं नाही.

हायवेवरून आत, कांद्याच्या वावरांमध्ये एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. दोन हजार सालानंतर अशी बरीच निघाली. तिथे मी लेक्चरर. लॅबमध्ये एक मशिन होतं: खाली फिरणारी स्टीलची चकती, वर तिच्यावर दाबून धरलेली प्लास्टिकची कांडी. कृत्रिम खुब्यात हेच दोन पदार्थ एकमेकांवर घासतात. कांडीचं आधी आणि नंतर वजन केलं की झीज कळते. फक्त घासताना मधे सिरम हवं, वासराच्या रक्तातून काढलेलं, कारण आपल्या सांध्यातलं पाणी साधारण तसंच असतं.

“रक्त?” सर ओरडले. “दसऱ्याला आपण ज्या मशिनची पूजा केली, त्यावर वासराचं रक्त? अहो मॅडम, ही विद्येची जागा आहे, खाटीकखाना नाही!”

“सर, पण पुस्तकात तसंच...”

“मशिनला तेल घालतात. मला शिकवू नका.”

आणि या गृहस्थांनी खरंच कॅन्टीनमधून शेंगदाण्याचं गोडेतेल मागवलं! तेलात कांडी कशाला झिजतेय? चकती मजेत फिरत राहिली. कांडीच्या वजनात काही फरक नाही. सरांनी पेढे वाटले. कढई आणि माणूस यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातचा पेढा मी बाहेर जाऊन कुत्र्याला घातला.

माझी आई गावी, राजुरीला असायची. पन्नाशीच्या आतच तिचा उजवा खुबा गेला होता. वावरात खाली बसली की उठवायला दोघं लागायची. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, “मावशी, आत्ता बसवला तर झिजेल, म्हातारपणी पुन्हा उघडावं लागेल. निभेल तितकं निभवा.” ती निभवत होती. रात्री कण्हायची, सकाळी ‘काय नाय गं’ म्हणायची.

त्या हिवाळ्यात राजुरीच्या शाळेच्या गॅदरिंगला पाहुणे कोण, तर आमचे सर! डोक्याला फेटा, हातात माईक, मग काय विचारता. “आमच्या लॅबमधला खुबा झिजतच नाही! आयाबहिणींनो, आता घाबरू नका!” टाळ्यांचा कडकडाट. पुढच्याच खुर्चीवर आई बसली होती. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या.

घरी आले तर तिने दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली.

“न्हाई झिजत म्हनं. तुमचं सरच बोललं. उद्याच जाऊ डॉक्टरकडं. आता लई झालं गं, बाय.”

त्या क्षणी सर समोर असते तर फेट्यासकट हौदात बुडवले असते. मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं, की ते सगळं खोटं आहे. तेलात घासलंय. अंगात का तेल असतं?

तिने पिशवी खाटेखाली सरकवली. मग म्हणाली, “मंग खरं कधी करनार?”

सोमवारी मी सरांना तेच विचारलं.

“झालंय की ते,” सर म्हणाले, आणि गॅदरिंगात मिळालेलं, भिंतीवर लावलेलं प्रशस्तिपत्रक रुमालाने पुसायला लागले.

त्या उन्हाळ्यात आईला खाली बसताच येईना. तिने कांदे कुशीवर आडवं पडून काढले.